उमाजी नाईकांचे दरोडे झाकू नका

७ सप्टेंबर आला की आमच्या शाळेच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं भांडण होतं. सासवडकडचा एक जण सकाळीच उमाजी नाईकांचं फेटा बांधलेलं, तलवार घेतलेलं चित्र टाकतो. खाली 'आद्य क्रांतिवीर राजे उमाजी नाईक यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन'. दुपारपर्यंत दुसरा कुणीतरी इंग्रजी पुस्तकाच्या पानाचा फोटो धाडतो, एका शब्दाखाली लाल रेघ मारलेली असते आणि त्या शब्दाचा अर्थ असतो दरोडेखोर. मग तिसरा म्हणतो, ते काहीही असो, आद्य क्रांतिकारक म्हणजे वासुदेव बळवंत फडके, हे आपण शाळेतच शिकलोय. त्यानंतर मुद्दे संपतात आणि आडनावं सुरू होतात. संध्याकाळी ॲडमिन 'कृपया इतिहास नको' असं लिहून सगळ्यांची तोंडं बंद करतो. गंमत म्हणजे या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच असते: माणूस एकतर दरोडेखोर असतो, नाहीतर क्रांतिवीर. दोन्ही असू शकत नाही.

माझं म्हणणं असं की उमाजी नाईकांनी दरोडे घातले, आणि ते झाकून ठेवले तर त्यांचं बंड कळतच नाही. दरोडा हा त्यांच्या चरित्रावरचा डाग आहे आणि तो धुऊन काढला की खाली स्वच्छ देशभक्त सापडेल, ही समजूत भाबडी आहे. त्यांचं राजकारण त्या दरोड्यातच होतं. जो हक्काने घेत होता त्याचा हक्क काढून घेतला, तेव्हा तो बळाने घेऊ लागला. मग घेणाऱ्याला सरकार म्हणायचं की चोर, हा वाद पुरंदरच्या डोंगरात सहा-सात वर्षं बंदुकीने चालला. या वादात एक पक्ष जिंकला, आणि शब्दकोशही त्यानेच लिहिला. आपण आजही तोच उघडून भांडतो आहोत.

उमाजी रामोशी होते. हे समजून घ्यायचं तर आधी रामोशी म्हणजे कोण हे बघावं लागतं. गावगाड्यात रामोशाकडे रात्र होती. दिवसाचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांचा, पण दिवेलागणीनंतर गावाच्या वेशीपासून खळ्यापर्यंतची जबाबदारी त्याची. चोरी झाली की सकाळी तो माग काढायला निघे. ओल्या मातीत उमटलेला पाऊलठसा, तुडवलेलं गवत, कुंपणाची मोडलेली काटी बघत बघत तो गावच्या शिवेपर्यंत जाई आणि माग पलीकडे गेला असेल तर तिथल्या जागल्याला बोलावून म्हणे, आता तुझं. इथून पुढे चोर शोधायची जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवेत विरला तर नुकसान भरून द्यायची पाळी त्याच्यावर येई. याच्या बदल्यात त्याला गावाकडून धान्य, जमीन, रखवालीचा हक्क मिळे. पुण्यातल्या सावकारांच्या आणि सरदारांच्या दारातही रामोशी असे, आणि तो तिथे का आहे हे सगळ्यांना माहीत होतं: दारात रामोशी नसला तर रात्री रामोशी येईल. म्हणजे या व्यवस्थेत रखवाली आणि धमकी ही एकाच नाण्याची दोन अंगं होती. ती व्यवस्था फार गोड होती असं मी म्हणणार नाही. पण ती व्यवस्था होती. तिच्यात कुणी किती घ्यायचं आणि बदल्यात काय द्यायचं हे ठरलेलं होतं. उमाजी नाईक १७९१ साली पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीत जन्मले, ते अशा घरात. त्यांच्या घराण्याकडे पुरंदर किल्ल्याची रखवाली होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनीचं राज्य आलं. रामोशांचं बिनसायला सुरुवात त्याच्या थोडी आधीच झाली होती हेही सांगायला हवं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच पुरंदरवरच्या त्यांच्या हक्काला धक्का लागला होता. सगळं पाप गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं होण्याची आपली सवय इथे कामाची नाही. पण पेशव्यांशी झालेलं भांडण हे घरातलं भांडण होतं, आज हक्क गेला तर उद्या अर्जविनंती करून, मधल्या सरदाराला धरून तो परत मिळेल अशी आशा तरी असे. कंपनीने ती आशाच काढून घेतली. गडांना आता शिबंदी, म्हणजे राखणीची हत्यारबंद माणसं, नको होती, कारण गडच नको होते. गावच्या रात्रीला आता सरकारी पोलीस होता. ज्या माणसाचं अख्खं कसब रात्रीच्या वाटा, डोंगरातल्या खिंडी आणि पाऊलठसे यांच्याशी बांधलेलं, त्याला नव्या राज्याच्या वहीत कुठल्या रकान्यात घालायचं हे कारकुनाला कळेना. शेवटी त्याने एक रकाना शोधून काढला. गुन्हेगार.

त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात आणखी एक प्रकार चालू होता, आणि तो उमाजींच्या चरित्रात सहसा येत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. प्रिंगल नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याने १८२७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जमिनीची मोजणी केली. शेतकऱ्याचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न राहील त्याचे शंभरातले ५५ भाग सरकारचे, असं सूत्र. कागदावर ते फार शास्त्रशुद्ध होतं. प्रत्यक्षात मोजणी करणारे खालचे लोक लाच खात होते, उत्पन्नाचे आकडे फुगवलेले होते, आणि धान्याचे भाव पडलेले होते. वसुली सुरू झाली तशी कुळं गाव सोडून जाऊ लागली, जमिनी पड पडल्या. पुढे १८३५-३६ मध्ये इंदापुरातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली ती यामुळेच. प्रिंगलची आकारणी चुकीची होती हे कंपनीच्याच माणसांना लिहावं लागलं. मधल्या काळात ज्यांची भांडी विकली गेली त्यांना ती परत मिळाली नाहीत. आता सांगा, या प्रकाराला कुणी दरोडा म्हटलं का? लाल रेघ मारलेलं असं एखादं पान ग्रुपवर कुणी टाकलंय का?

उमाजींच्या आयुष्याचा बाकीचा क्रम थोडक्यात असा. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात तुरुंग झाला, तिथे ते लिहायला-वाचायला शिकले असं सांगतात. १८२४ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला सरकारी खजिना लुटला गेला, १८२६ पासून उघड बंड झालं, मग बोलणी, माफी, कंपनीची नोकरी, आणि १८३० च्या अखेरीस पुन्हा डोंगर. त्यांना पकडायला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश नेमला होता. १५ डिसेंबर १८३१ रोजी भोरकडच्या उत्रोळीत फितुरीने ते सापडले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिली. मॅकिन्टॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर एक पुस्तक छापलं. उमाजींविषयीचे आपल्याला माहीत असलेले बरेचसे तपशील तिथूनच येतात, हे ध्यानात ठेवलेलं बरं. मॅकिन्टॉश म्हणजे शत्रू, त्याचं सगळं खोटं, असं म्हणणारे आपले मित्र दुसऱ्या दमात त्याच्याच पुस्तकातून उमाजींची तारीफ उचलतात. पाठलाग करणाऱ्याला सावजाबद्दल आदर वाटू शकतो, आणि तो खोटंही लिहू शकतो. दोन्ही एकाच पानावर.

या क्रमातली एकच गोष्ट मला जरा थांबून बघावीशी वाटते. ती म्हणजे फेब्रुवारी १८३१ चा जाहीरनामा. त्यात देशी लोकांनी इंग्रजांची चाकरी सोडावी, सगळीकडे एकाच वेळी उठाव करावा, सरकारी खजिने लुटावेत आणि गावांनी कंपनीला शेतसारा देऊ नये, असं सांगितलं होतं. जो इंग्रजांना मदत करील त्याला नवं सरकार शासन करील, असा दमही भरला होता. लुटारू टोळीचा नायक सारा भरू नका असं कशाला सांगेल? गावाने सारा भरला काय आणि नाही भरला काय, त्याला काय फरक पडतो? उलट गाव शांतपणे सारा भरत असलं तर लुटायला खजिना भरलेला मिळेल. सारा कुणाला द्यायचा हा प्रश्न ज्याला पडतो तो स्वतःला राज्याच्या जागी बघत असतो. आणि तो कधी पडला बघा: प्रिंगलची आकारणी गावोगाव लागू होत असताना. डोंगरातल्या माणसाला खालच्या खळ्यांमध्ये काय शिजतंय याचा नेमका अंदाज होता.

आता विरुद्ध बाजूचं जे सगळ्यात भक्कम आहे ते. पहिलं म्हणजे, दरोडा पडला तो माणसांवर पडला. ज्या वाण्याचं घर फुटलं, ज्या कुलकर्ण्याचं दप्तर जळलं, ज्या पाटलाने दम खाऊन खंडणी दिली, ती माणसंही इथलीच होती. त्यांच्या घरातल्या बायकांनी ती रात्र कशी काढली असेल याची कल्पना करायला इंग्रजी पुस्तक लागत नाही. 'ते फक्त श्रीमंतांना लुटत आणि गरिबांना वाटत' हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण प्रत्येक रुपयाचा असा हिशोब कुणाकडे आहे? सावकाराला लुटलं तरी त्याचा बोजा शेवटी कुळांवर येतो हे गावात राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं. डोंगरात शे-दोनशे हत्यारबंद माणसं पोसायची म्हणजे कुणाच्या तरी कणग्या रिकाम्या होणारच. हे सगळं मला मान्य आहे. ज्याला हे मान्य करवत नाही त्याने बंडखोरांचा इतिहास वाचायच्या फंदात पडू नये, संतचरित्रं पुष्कळ आहेत.

पण यावरून उमाजींना राजकारण नव्हतं असं ठरतं का? मग आपलाच इतिहास नव्याने लिहायला घ्यावा लागेल. सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेली, ती आपण अभिमानाने शिकवतो, आणि ते बरोबरच आहे, कारण मोगलांच्या बंदरातून स्वराज्याच्या उभारणीला पैसा आणण्यामागे काय विचार होता हे आपल्याला समजतं. चौथाईचं त्याहून बोलकं आहे. मोगल मुलखातून मराठे चौथ घेत, ती घेणाऱ्याच्या लेखी हक्क होती आणि देणाऱ्याच्या लेखी लूट. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. घोडेस्वार तेच, गावं तीच, भरणारा शेतकरी तोच. फक्त मधे एक कागद आला आणि लुटीचा महसूल झाला. त्या कागदाच्या आदल्या दिवशी जे लोक घेत होते ते सगळे दरोडेखोर आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे मुत्सद्दी, असं आपण म्हणतो का?

याहून जवळचं एक उदाहरण आहे, आणि ते उमाजींच्याच पुण्यातलं, उमाजींच्याच वर्षातलं आहे. नारो गोविंद औटी हे पेशव्यांच्या वतीने रायगडाचे किल्लेदार होते. १८१८ च्या मे महिन्यात रायगड शर्तीवर इंग्रजांच्या हवाली झाला आणि औटी पुण्यात राहायला आले. तिथे दख्खनचा कारभार बघणाऱ्या एल्फिन्स्टनच्या हुकमतीखालच्या रॉबर्टसन नावाच्या अधिकाऱ्याने त्यांना कैदेत टाकून त्यांच्याजवळचं सोनंनाणं जप्त केलं. का, तर ते पेशव्यांच्या खजिन्यातलं आहे असा संशय. औटी वारल्यावर त्यांच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. कोर्टाचं म्हणणं असं की पुण्यात तेव्हा लढाई चालू नव्हती, कंपनीचा अंमल बसला होता, मग खाजगी माणसाचा पैसा घेता कसा? प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या न्यायासनापुढे, गेलं आणि १८३० साली निकाल फिरला. ही जप्ती युद्धाच्या काळात शत्रूकडून केलेली जप्ती आहे, तेव्हा साध्या न्यायालयांना त्यात पडायचा अधिकारच नाही, असा निकाल लागला. युद्ध कधी संपलं आणि कधी संपलं नाही, हे घेणाराच ठरवणार.

१८३० साल लक्षात ठेवा. लंडनला हा निकाल लागला त्याच वर्षी उमाजी नाईक कंपनीची चाकरी सोडून दुसऱ्यांदा डोंगरात शिरले. पुण्यात माणसाला कोंडून त्याचा पैसा घेणं हे युद्ध ठरलं, त्यावर फिर्याद चालत नाही. पुरंदरच्या घाटात पैसा घेणं हा दरोडा ठरला, त्यावर फाशी. दोन्हींतला फरक सांगा बघू. शर्ती कुणी मोडल्या, शेजारी लढाई होती की नव्हती, घेतलेला पैसा कुणाचा होता, यातल्या एकाही कसोटीवर फरक सापडत नाही. औटी एकटे नव्हते. दख्खनच्या लुटीची वाटणी पलटणींमध्ये कशी करायची यावर वर्षानुवर्षं कज्जे चालले, आणि त्या पैशाला इंग्रजीत रुबाबदार नाव होतं, बक्षिसाचा पैसा. 'लूट' हा आपलाच शब्द त्यांनी त्यांच्या भाषेत नेला, पण स्वतःच्या हिशोबाच्या वहीत तो लिहायचं टाळलं.

दुसरा आक्षेप असा की उमाजींना आपलं वतन परत हवं होतं, त्यांना 'देश' ही कल्पनाच नव्हती. पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं १८३१ च्या माणसाकडून १९०५ च्या स्वदेशी चळवळीची भाषा मागण्यासारखं आहे. पण क्षणभर मान्य करू की सगळं वतनासाठीच होतं. मग १८५७ चं काय? नानासाहेबांचं वर्षाला ८ लाखांचं पेन्शन दुसऱ्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १८५१ मध्ये, बंद झालं नसतं तर? झाशीचं दत्तकविधान मंजूर झालं असतं तर? इतिहासकार हे प्रश्न विचारतात, आणि विचारावेतच. पण त्यावरून नानासाहेब आणि राणी लक्ष्मीबाई यांना आपण स्वार्थी वतनदार म्हणत नाही. आपल्यावरचा अन्याय आणि आपल्या मुलखावरचा अन्याय यांच्यातली रेघ लढता लढताच पुसली जाते, हे त्यांच्या बाबतीत आपल्याला चटकन कळतं. गादीचा हक्क गेला तर ती देशाची व्यथा आणि रखवालीचा हक्क गेला तर ती पोटाची तक्रार, असा हा हिशोब दिसतो. वतन किती मोठं होतं यावरून देशभक्ती मोजायची असेल तर तसं स्पष्ट बोलून टाकावं.

तिसरा आक्षेप लोकांना फार आवडतो: ते तर इंग्रजांच्या नोकरीत होते! होते. माफी घेतली, पुरंदर भागातला बंदोबस्त सांभाळायचं काम घेतलं, आणि त्या कामाच्या आडून जुने हक्क वसूल करत माणसं जमवत राहिले. कंपनीने नंतर चिडून हेच लिहिलं की या माणसाने आमचं मीठ खाऊन आम्हालाच फसवलं. मला हा आक्षेप वाचताना नेहमी त्याच पुरंदरवरची १६६५ ची गोष्ट आठवते. मिर्झाराजे जयसिंगांशी तह झाला, २३ किल्ले गेले, त्यांत खुद्द पुरंदरही गेला, संभाजीराजांच्या नावाने पाच हजारी मनसब घेतली. बरोबरी करत नाही. दोघांच्या कामगिरीतलं अंतर मला समजतं. पण वेळ वाईट असताना शत्रूशी तह करणं, त्याचा शिक्का वापरून दम घेणं आणि संधी येताच उठणं, ही या मातीतली जुनी रीत आहे. पुरंदरच्या पायथ्याला वाढलेल्या पोराला ती कुणी वेगळी शिकवायला हवी होती?

आता फडके आणि 'आद्य' कोण याबद्दल. या शर्यतीत मला रस नाही. पहिला नंबर काढायचा तर १८१८ नंतर दख्खनमध्ये उठलेले भिल्ल, कोळी, रामोशी यांची रांगच लावावी लागेल. ठाण्याच्या तुरुंगात १८४८ मध्ये फाशी गेलेले राघोजी भांगरे त्या रांगेत कुठे उभे करायचे यावर आणखी एक ग्रुप फुटेल. मला खुपतं ते वेगळंच. फडके आणि उमाजी यांना एकमेकांसमोर उभं करताना लोक हे विसरतात की फडक्यांचं बंड रामोशांशिवाय उभंच राहिलं नसतं.

शिरढोणचा हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशोबखात्यात नोकरीला. १८७६-७७ चा दुष्काळ त्याने गावोगाव फिरून डोळ्यांनी पाहिला. पैसेवाल्यांकडे मदत मागितली तेव्हा शहाणी माणसं हळूच मागे सरली. शेवटी दौलतराव नाईक आणि त्यांचे रामोशी बरोबर आले, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर पहिली धाड पडली. हाती फार काही लागलं नाही. त्या रात्री धामारीत एकाच दारावर घाव पडला. दार फोडणाऱ्यांत ब्राह्मण फडके होते, बाकीचे बहुतेक रामोशी. सरकारने खटल्यात फडक्यांवर सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचाही आरोप ठेवला आणि दरोड्याचाही, म्हणजे निदान इंग्रजांच्या लेखी दोन्ही एकाच माणसात नांदू शकत होतं! आपण मात्र वाटणी केली. क्रांती फडक्यांच्या वाट्याला, दरोडा रामोशांच्या. मे महिन्यात कोकणातून पळसपे-चिखलीची लूट घेऊन वर येताना मेजर डॅनियलच्या तुकडीने दौलतरावांना घाटात मारलं. त्यांच्या जयंतीचं चित्र आमच्या ग्रुपवर आजवर कुणी टाकलेलं नाही.

फडक्यांनी आपल्या आत्मवृत्तात सोबत्यांविषयी कडवट लिहिलंय. यांचं लक्ष लुटीच्या वाटणीवर, आपल्या हेतूकडे यांचं ध्यान नाही, असा सूर आहे. तो एकाकी, थकलेला माणूस होता, श्रीशैलच्या मल्लिकार्जुनापुढे देह ठेवायला निघाला होता, त्याच्या वैतागाला मी नावं ठेवत नाही. पण वाचक म्हणून आपण तेवढ्यावर थांबायचं का? पगार नसलेल्या, घरात दाणा नसलेल्या, पकडलं तर फाशी जाणाऱ्या माणसाने वाटा मागितला तर त्याला हेतू नव्हता असं होतं? पलटणीतल्या शिपायाने पगार मागितला म्हणून त्याची निष्ठा खोटी ठरते का? फडक्यांना एडनच्या तुरुंगात १८८३ मध्ये मरण आलं. त्याआधी एकदा ते दरवाजा बिजागरीतून उचकटून पळाले होते. त्या दरवाजाची गोष्ट मला लहानपणी आजोबांनी सांगितली होती. त्याच गोष्टीत धामारीचा दरवाजा मात्र नव्हता.

सगळ्यात अवघड आक्षेप राहिला, आणि तो इंग्रजी पानावर लाल रेघ मारणाऱ्यांचा नाही. तो उमाजींना मानणाऱ्यांचाच आहे. ते म्हणतात, तुम्ही सुखवस्तू घरातले, 'दरोडेखोर होते तर काय झालं' असं म्हणणं तुम्हाला परवडतं. आम्हाला परवडत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवायची पद्धत आणली, पुढे ती मुंबई इलाख्यातही आली. वस्तीतल्या बाप्यांना हजेरी लावावी लागे, परगावी जायचं तर पास लागे. तो कायदा १९५२ ला गेला, रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या वस्तीकडे वळते? असं असताना आमच्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या नावाला तुम्ही पुन्हा तोच शब्द जोडता?

याला माझ्याकडे पटकन देता येईल असं उत्तर नाही. मी हा लेख लिहायचा दोनदा टाळला तो यामुळेच. तरीही शेवटी मला वाटतं ते असं की उमाजींना शब्दापासून सोडवून घेतलं आणि शब्द तसाच ठेवला, तर फायदा एकट्या उमाजींचा होतो. पुतळ्यातला रामोशी स्वच्छ होतो आणि वस्तीतला तसाच राहतो. सन्मान मिळायचा तर आधी निष्कलंक असायला हवं, ही अट मान्य केली की ज्यांच्या आजोबांवर खरोखरच चोरीचा गुन्हा शाबीत झाला होता, ज्यांनी दुष्काळात कुणाची तरी कणगी खरोखरच फोडली होती, त्यांनी कुठे जायचं? हजेरीच्या वहीतली बहुतेक नावं अशाच माणसांची असणार, काही निरपराध, काही नाही, पण सगळी रखवालीचा हक्क गेल्यावर जगायची वाट शोधणारी. उमाजींनी दरोडे घातले आणि ते राजे होते, हे एका दमात म्हणता आलं, तर त्या वहीकडेही वेगळ्या नजरेने बघता येईल. कुठल्या व्यवस्थेने रखवालदाराचा चोर केला, हा प्रश्न मग एका थोर माणसापुरता राहत नाही.

पुण्यात खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीच्या आवारात उमाजी नाईकांचं स्मारक आहे. फाशीनंतर तीन दिवस प्रेत पिंपळाला लटकवून ठेवलं होतं असं सांगतात. मी तिथे गेलो होतो तो काही अभिवादन करायला नाही, आईच्या नावावरच्या तुकड्याच्या फेरफाराचं काम होतं. हातात सातबारा, ओळखपत्राच्या झेरॉक्स. पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, टोपी काढून त्यांनी स्मारकाला हात जोडले, मग परत टोपी घातली आणि मला विचारलं, "सारा इथंच भरत्यात का वो?" मी म्हटलं, "नाही, तुमच्या गावच्या तलाठ्याकडे." ते म्हणाले, "आसं व्हय," आणि स्मारकाच्या कट्ट्यावर टेकून पिशवीतल्या पावत्या चाळत बसले.